सात आसने, एक बॅटरी आणि गणपतीची गर्दी

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पूर्णतः विजेवर चालणाऱ्या मोठ्या कौटुंबिक एसयूव्हींना आपल्याकडे भवितव्य आहे काय, हा आजचा विषय आहे, आणि त्याचे उत्तर मोटारींच्या माहितीपत्रकात सापडत नाही, असे माझे बऱ्याच दिवसांचे म्हणणे आहे. सात आसनांची मोटार आपण कचेरीत जाण्यासाठी घेत नाही. गणपतीला गावी जायचे असते, लग्नाला सगळ्यांना एकत्र न्यायचे असते, आई-वडिलांना तुळजापूर-पंढरपूर घडवायचे असते, म्हणून ती घेतली जाते. एरवी तीत एकटा मालक बसून सिग्नल सुटण्याची वाट पाहत असतो. तेव्हा अशा मोटारीची परीक्षा वर्षातल्या त्या मोजक्या दिवसांवरच घ्यायला हवी.

2000 साली आलेली क्वालिस, 2002 ची स्कॉर्पिओ आणि 2005 ची इनोव्हा यांनी आपल्याला ऐसपैस बसण्याची सवय लावली. आता विजेच्या मोटारींतही तशी सोय होऊ लागली आहे. जुलै 2025 मध्ये कियाची कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही आली आणि नोव्हेंबरमध्ये महिंद्राची एक्सईव्ही 9एस, जिची सर्वांत मोठी बॅटरी 79 युनिटांची असून प्रारंभीची किंमत तेव्हा वीस लाखांच्या किंचित खाली होती. टाटांची हॅरियर ईव्ही अंगापिंडाने मोठी असली तरी आसने पाचच, म्हणजे आजी-आजोबांनी घर सांभाळायचे.

बॅटरी तळाशी पसरलेली असल्यामुळे मोटारीची जमीन वर येते, छप्पर मात्र त्या मानाने वर नेता येत नाही, आणि याची किंमत तिसऱ्या रांगेतल्या माणसाचे गुडघे मोजतात. शोरूममध्ये विक्रेता आपल्याला अगत्याने चालकाच्या जागी बसवतो. माझे सांगणे असे की, घरातल्या सर्वांत उंच माणसाला आधी मागे बसवावे, दार लावून घ्यावे आणि मगच किमतीची बोलणी सुरू करावीत.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या तक्रारीकडे वळतो. आमच्या सोसायटीत मी माझ्या मीटरपासून माझ्याच पार्किंगच्या जागेपर्यंत, माझ्याच खर्चाने केबल ओढण्याची परवानगी मागितली. घरच्या वीजजोडणीवर आपली मोटार चार्ज करता येते, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट असल्यामुळे हे काम एका अर्जाचे आहे, अशी माझी समजूत होती. समितीने आधी आगीची भीती व्यक्त केली, मग भिंत सामायिक असल्याचे निदर्शनास आणले आणि अखेरीस विषय वार्षिक सर्वसाधारण सभेकडे सोपवला. तेथे तो ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात, लिफ्टच्या देखभालीचा करार आणि कबुतरांची जाळी यांच्यानंतर आला, तोवर निम्मे सभासद चहाच्या टेबलापाशी पोहोचले होते. एका गृहस्थांनी पावसाळ्यात सबंध इमारतीला शॉक बसेल काय, असे विचारले. ज्या पंपाने त्यांच्या टाकीत रोज पाणी चढते तोही विजेवरच चालतो, हे मी नम्रपणे सांगितले, आणि तेव्हापासून ते मला ओळख देत नाहीत. सर्वांत मागे बसलेल्या एका बाईंनी मात्र विचारले की, उद्या सगळ्यांनीच असे चार्जर बसवले तर इमारतीचा मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने ठरवून दिलेली विजेची मर्यादा, पुरेल काय. सभेतला खरा प्रश्न तेवढाच होता, आणि त्यावर चर्चा झाली नाही, कारण बटाटेवडे आले होते.

त्या बाईंचे म्हणणे हिशेबाने पाहू. पंधरा अँपिअरच्या साध्या प्लगवर 79 युनिटांची बॅटरी पूर्ण भरायला एक दिवसाहून अधिक वेळ लागतो, तर सात किलोवॅटच्या चार्जरवर अकरा-बारा तास. पण असा एक चार्जर म्हणजे अनेक ठिकाणी एका सदनिकेचा सबंध मंजूर भार असतो. रात्रभर पाळीपाळीने वीज वाटून देणारी यंत्रणा बसवली तर हा प्रश्न सुटतो, मात्र त्यासाठी ठराव लागतो आणि ठरावासाठी गणसंख्या. म्हणून या मोटारी मुंबईआधी नाशिक, कोल्हापूर, नागपूर येथील बंगल्यांच्या दारांत दिसतील, असे मला वाटते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य विषय घाईने मांडतो.

घाट चढताना बॅटरी संपेल, ही भीती अनाठायी आहे. माणसे-सामानासह पावणेतीन टनांची मोटार खोपोलीहून लोणावळ्याला चढवण्यासाठी, सपाट रस्त्यावरच्या खर्चाखेरीज, साधारण पाच युनिटे जादा लागतात, आणि उतरताना त्यांतली निम्म्याहून अधिक परत मिळू शकतात. खरा शत्रू वेग आहे: ताशी 80 ऐवजी 110 ने गेल्यास हवेचा अडथळा जवळजवळ दुप्पट होतो, आणि टपावर सामान बांधले तर त्याहूनही वाढतो.

कराचे पारडे अजून विजेकडे झुकलेले आहे, पण पूर्वीइतके नाही. सप्टेंबर 2025 पर्यंत पेट्रोल-डिझेलच्या मोठ्या एसयूव्हीवर उपकरासह 50 टक्के जीएसटी होता, तो 40 वर आला. विजेच्या मोटारीवर 5 टक्केच राहिला. राज्याच्या 2025 च्या धोरणातील टोलमाफीने थोडी भरपाई होते. तरीही हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, इनोव्हा आणखी काही वर्षे हटणार नाही.

उरला गणपती. मुंबई ते सावंतवाडी सुमारे पाचशे किलोमीटर, म्हणजे भरलेल्या मोटारीला वाटेत एकदा तरी थांबणे आले. साठ किलोवॅटच्या चार्जरवर पस्तीस-चाळीस युनिटे भरायला पाऊण तास लागतो; तुमच्यापुढे पाच मोटारी असतील तर पावणेचार तास रांगेतच जातील. एरवी त्याच चार्जरवर शुकशुकाट असतो, त्यामुळे केवळ त्या दोन दिवसांसाठी कोणी नवे चार्जर उभारणार नाही. एसटी महामंडळ आणि रेल्वे चतुर्थीला जादा गाड्या सोडतात, त्याच धर्तीवर ट्रकवर बसवलेले जादा चार्जर त्या आठवड्यापुरते महामार्गावर आणता येतील. ही व्यवस्था होईपर्यंत अशी मोटार घेणाऱ्याने चतुर्थीच्या दोन दिवस आधी निघावे, आणि तेवढी रजा मिळत नसेल तर डिझेलवरच राहावे. आठ वर्षांनी अशा मोटारीला काय किंमत येईल, हा प्रश्न बाकी आहे. तो प्रश्नोत्तरांत घेऊ, कारण अध्यक्ष उभे राहिले आहेत.