कपाटातला कॅमेरा

श्रोतेहो, नमस्कार. दसरा तोंडावर आलाय. घरोघरी गाड्या धुतल्या जातील, कॉम्प्युटरला हार पडेल आणि ज्यांच्याकडे कॅमेरे आहेत ते कॅमेरे पाटावर मांडतील. मांडा, जरूर मांडा. फक्त हळदकुंकू पाटावर वाहा, कॅमेऱ्यावर नको. कुंकवाची बारीक पूड लेन्सच्या कड्यात शिरली की निघता निघत नाही, कडं फिरवलं की करकर वाजत राहतं. झेंडूचं फूल वाहा, निरांजन जरा लांब ठेवा. आणि पूजा झाली की तो कॅमेरा परत पेटीत घालू नका. गळ्यात अडकवा आणि बाहेर पडा. आज मला एवढंच सांगायचंय.

आपल्याकडे हौसेला तोटा नाही. बोनस झाला की कॅमेरा येतो. लडाखची सहल ठरली की त्याच्या जोडीला लांबलचक लेन्स येते. सहल होते, फोटो नातेवाईकांना दाखवून होतात आणि कॅमेरा कपाटाच्या वरच्या फळीवर जातो. ही झाली एक जात. दुसरी जात संग्राहकांची. ती मंडळी कॅमेरा घेतात तीच मुळी ठेवण्यासाठी. यंत्र म्हणून, वस्तू म्हणून त्यांचं कॅमेऱ्यावर प्रेम असतं आणि ते खोटं नसतं. अशी माणसं नसती तर कितीतरी जुने कॅमेरे भंगारात गेले असते, हे मी आधीच मान्य करते.

पण श्रोतेहो, आपण राहतो ठाण्यात. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला येऊरचा डोंगर. पावसाळ्यात मीठ बरणीतल्या बरणीत पाझरतं, पापड सादळतात, कपाटातल्या चपला हिरव्या होतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं! त्याच कपाटात तुमची लाखाची लेन्स असते. बुरशीचे बीजकण हवेत सगळीकडे असतात, लेन्समध्येही असतात. आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली, अंधार मिळाला, हवा खेळती नसली की ते रुजतात. कॅमेऱ्याची कातडी पेटी तर त्यांच्या फारच सोयीची, कारण कातडं ओल धरून ठेवतं. मग काचेवर पांढरे तंतू पसरतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे. त्या बुरशीतून आम्ल सुटतं, ते काचेवरचा लेप खातं. उशीर झाला तर साफ केल्यावरही काचेवर व्रण राहतो. म्हणून पुन्हा सांगते, बंद ठेवलेला कॅमेरा आपल्या हवेत सुरक्षित नसतो. बंद ठेवलेला कॅमेरा बिघडतो.

लायका हे नाव संग्राहकांच्या तोंडी सगळ्यात जास्त. तो कॅमेरा बनवणारे ऑस्कर बार्नाक दम्याचे रुग्ण. काचेच्या प्लेटांचे अवजड कॅमेरे उचलून हिंडणं त्यांना झेपेना, म्हणून त्यांनी हातात मावेल असा कॅमेरा केला. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत तो लोकांसमोर आला. म्हणजे त्याचा जन्मच मुळी बरोबर घेऊन हिंडण्यासाठी. बार्नाक स्वतः वापरायचे त्यातला एक कॅमेरा २०२२ साली लिलावात एक कोटी चव्वेचाळीस लाख युरोला गेला. आपल्या पैशात शंभर कोटींहून जास्त. एवढे पैसे मोजल्यावर कोण तो गळ्यात घालून जांभळी नाक्यावर भाजी आणायला जाईल? उलट कार्तिए-ब्रेसाँ या जगप्रसिद्ध छायाचित्रकारानं आपल्या लायकाच्या चकाकत्या भागांवर काळी पट्टी चिकटवली होती, लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून. आमच्याकडे कॅमेऱ्यावरचं प्लास्टिक काढायला जीव होत नाही. रिमोटचंही तसंच, सोफ्याचंही तसंच. पाहुणे आल्याशिवाय चांगले कप न काढणारे आपण लोक.

आता आमच्या काकांची गोष्ट. मी कुठेही बोलायला उभी राहिले की ही सांगते. घरचे म्हणतात, पुरे आता. पण तुम्ही ऐकलेली नाही.

काका नौपाड्यात आमच्याच सोसायटीत राहतात, बँकेतून निवृत्त झालेत. त्यांच्या आतल्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे, ते कॅमेऱ्यांचं. लायका एम-३, रोलीफ्लेक्स, निकॉन एफ, हॅसलब्लाड, एकेक मखमली पिशवीत. बाहेर काढायचा तर पांढरे हातमोजे घालून. प्रत्येकाचा नंबर पाठ, कोणता कोणत्या सालचा ते पाठ. माणूस जाणकार, त्यात शंका नाही. पण यातल्या कशानं फोटो काढलाय का, असं विचारलं की म्हणणार, “अगं, तो वापरायचा नाही, तो ठेवायचाय.” त्यावर काकू स्वयंपाकघरातून, “आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचे फोटो जावयाच्या मोबाइलवर आहेत, हो!”

तर गेल्या वर्षी गणपतीत मंडळाच्या मुलांनी टूम काढली, काकांच्या कॅमेऱ्यांचं प्रदर्शन भरवायचं. काका खूश. सोसायटीच्या हॉलमध्ये, गणपतीच्या डाव्या हाताला, लांब टेबल मांडलं. त्यावर निळी मखमल, प्रत्येक कॅमेऱ्यापुढे पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात माहिती आणि मध्यभागी पाटी, “कृपया हात लावू नये”.

संध्याकाळी आरतीच्या आधी बी विंगमधल्या एकीची आई आली. लेकीकडे गौरी-गणपतीला आलेली. पंच्याऐंशीच्या पुढच्या आजी, कानात यंत्र, पायात मोजे. लायकावरून त्यांनी नजर फिरवली आणि पुढे गेल्या. हॅसलब्लाडपाशी थांबल्यासुद्धा नाहीत. टेबलाच्या अगदी टोकाला एक आगफा क्लिक-३ होता. साधा, काळा, एके काळी घराघरात असलेला. काकांना तो चोरबाजारात दुसऱ्या महागड्या कॅमेऱ्यावर वर फुकट मिळालेला. आजींनी तो सरळ उचलला.

काका म्हणाले, “मावशी, हात नका लावू हं. पाटी आहे बघा.”

“पाटी वाचली मी,” आजी म्हणाल्या. त्यांनी कॅमेरा उलटा केला आणि पाठीवरच्या लाल खिडकीला डोळा लावला. जुन्या मंडळींना आठवत असेल, रोलच्या मागच्या कागदावर आकडे छापलेले असायचे, ते त्या खिडकीतून दिसायचे. आजींनी मान वर केली. “अहो, यात रोल आहे. सातावर आहे.”

“शक्यच नाही!” म्हणत काका मागचं झाकण उघडायला गेले, तशी आजींनी त्यांच्या हातावर फटका मारला. भर हॉलमध्ये, निवृत्त बँक मॅनेजरच्या. “उघडताय काय! उजेड जाईल आत!”

मग कळलं की या आजींच्या यजमानांचा स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ होता. यजमान कॅमेऱ्यामागे आणि आजी डार्करूममध्ये. लग्नाच्या मुलींचे फोटो पत्रिकेबरोबर जायचे. त्यांच्या निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं काम करून चेहऱ्यावरचे देवीचे वण घालवायचे, हे आजींचं काम. भिंग लावून, एकेक वण. आणि आपण आज मोबाइलच्या फिल्टरला नावं ठेवतो!

काका म्हणाले, मी हा रोल असाच जपून ठेवतो. आजी म्हणाल्या, “ठेवून काय लोणचं घालणार? पाच उरलेत, ते काढा. अर्धा रोल कोणी धुतं का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी चक्क ऊन पडलं. काका क्लिक घेऊन खाली आले, खिशात उजेड मोजायचं मीटर. आजींनी ते मीटर परत खिशात घालायला लावलं. “हा कॅमेरा ऊन की ढग, एवढंच विचारतो. तुम्ही उनात उभे राहा म्हणजे झालं.” काकांचे हात थरथरत होते. पहिला फोटो वॉचमनचा, त्यानं सलाम ठोकला. मग सायकलवरची पोरं. काकू कोथिंबिरीची जुडी घेऊन फाटकातून येत होत्या, त्यांचा. “अहो, केस तरी विंचरू द्या!” पण तोवर खटका दाबून झाला होता.

विसर्जनानंतर रोल धुवायचा ठरला. कुठे, तर आजींच्या लेकीच्या न्हाणीघरात. खिडकीच्या फटींना काळा कागद, दाराखाली सतरंजी. रोल धुवायची टाकी काकांच्या संग्रहात होतीच, खोक्यावरची चिकटपट्टी कधी न काढलेली. ती काढताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. रसायनं फोर्टातून आणली. डेव्हलपर, म्हणजे रोलवर चित्र उमटवणारं रसायन, असावं वीस अंशांवर आणि आपल्या नळाचं पाणी त्याहून किती गरम असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून बादलीत बर्फ. अंधारात आजींनी बोटांनी चाचपून रोल चकरीवर चढवला. बादली धरून काका बाहेर उभे. घड्याळ समोर होतं, पण आजी वेळ मोजत होत्या स्तोत्र म्हणून. एक आवर्तन संपलं की टाकी उलटीसुलटी करायची, परत दुसरं. मग चित्र पक्कं करणारं हायपो, मग पाणी. रोल निघाला उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, इंदू नावाचा.

आणि त्यावर काय असावं? फ्रिज. श्रोतेहो, फ्रिज! चाळीच्या अंगणात हातगाडीवरून उतरवलेला, एका दाराचा, त्यावर बोटानं काढलेलं स्वस्तिक आणि हार. दुसऱ्या फोटोत फ्रिज आणि बाई. तिसऱ्यात फ्रिज, बाई आणि बुशशर्ट घातलेला पुरुष, हात फ्रिजच्या डोक्यावर. चौथ्यात दार उघडं आणि आत डोकावणारं पोर. पुढचे धुरकटून गेलेले. चाळ कुठली, माणसं कोण, काही पत्ता लागला नाही. त्यापुढे काकांचे पाच. दोन वाकडे, एक हललेला, वॉचमन उत्तम, आणि काकूंचं कपाळावरचं सगळं कापलेलं. काकू म्हणाल्या, “बरं झालं, केस विंचरलेलेच नव्हते.”

गावी जायच्या आधी आजींनी एक काम केलं. लायकाची लेन्स मागून टॉर्च लावून काकांना दाखवली. कडेपासून आत आलेले पांढरे तंतू. मखमली पिशवीतल्या, हातमोजे घालून काढल्या जाणाऱ्या लायकामध्ये. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. आता त्या पिशव्यांत काकू लवंग-वेलची ठेवतात.

गोष्टीत वेळ गेला, आता कामाचं भरभर सांगते. कॅमेरा ठेवायचा तो हवाबंद डब्यात, सिलिका जेल घालून, आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्के राहील असा. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद तापवून परत निळे करा. जेलऐवजी तांदूळ घालू नका, त्याची भुकटी उडते. डांबराच्या गोळ्या तर नकोतच. यांत्रिक कॅमेरा असेल तर महिन्यातून एकदा सगळ्या वेगांवर शटर, म्हणजे आत उजेड सोडणारा पडदा, चालवा, विशेषतः एक सेकंदावर. आतलं वंगण घट्ट झालं की पहिल्यांदा तोच वेग अडखळतो. फ्लॅश महिन्यातून एकदा पेटवा. बॅटरी पूर्ण उतरलेली ठेवून देऊ नका, अर्धी भरून ठेवा. लेन्सला अधूनमधून ऊन दाखवा, पण कॅमेऱ्यावरून उतरवून. जुन्या लायकासारख्या कॅमेऱ्याचा शटर कापडी असतो, लेन्स लावून उनात ठेवलात तर कापडाला भोक पडतं. आणि उतरवलेली लेन्स उनात एकटी सोडून जाऊ नका, खाली वर्तमानपत्र असलं तर ते पेटेल. पुन्हा सांगते, ऊन दाखवायचं ते लेन्स उतरवून, आणि आपण शेजारी बसून.

हे सगळं जमत नसेल तर कॅमेरा वापरा. वापरात असलेल्या कॅमेऱ्याला यातलं निम्मं लागत नाही.

काय काढू, असं विचारणारे भेटतात. हिवाळ्यात खाडीवर रोहित पक्षी येतात, तिकडे गर्दी होतेच. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलं. ऐरोलीला, नेरूळला पहाटे लांब नळकांड्यांची रांग लागते. आनंद आहे. पण मागच्याला धक्का देऊन, पक्षी उडावेत म्हणून टाळ्या वाजवून फोटो काढणारे बघितले की मला होमाई व्यारावालांची आठवण येते. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला आणि नव्या मंडळींचं वागणं बिघडल्याचं कारण दिलं. आज त्या पाडव्याच्या शोभायात्रेत आल्या असत्या तर राम मारुती रोडवरूनच परत गेल्या असत्या.

तेव्हा रोहित राहू द्यात एक दिवस. नौपाड्यातले जुने वाडे, दुमजली घरं एकामागोमाग पुनर्विकासाला चाललीत. त्यांचे लाकडी जिने, गॅलरीचे कठडे, टपालपेट्यांवरची पुसट नावं. भोवती पाडकामाचे पत्रे लागायच्या आत त्यांचे फोटो काढा. आणि घोडबंदरच्या मंडळींनो, सूर्योदय टिपायचा असेल तर रात्रीच निघा, नाहीतर वाघबिळाच्या ट्रॅफिकमध्येच उजाडेल.

काकांनी क्लिकमध्ये नवा रोल भरलाय. बारापैकी चार काढून झालेत. पाचवा म्हणे दिवाळीला, काकूंचा, पूर्ण डोक्यासकट. नमस्कार.