नजर संहितेवर, चेहरा रंगमंचावर

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या गोव्यात देवळापुढे उत्सवी नाटक रंगतं, तेव्हा विंगेत एक माणूस संहितेवर डोळे लावून उभा असतो. प्रॉम्प्टर. चार हातांवर नटाने भीतीने डोळे विस्फारले, तर तो चेहरा प्रॉम्प्टरच्या मेंदूपर्यंत पोचतो का? मला वाटतं, संहिता त्याला किती पाठ आहे, यावर बरंच अवलंबून आहे.

इथे मेंदूच्या दोन जागा महत्त्वाच्या. खालच्या अंगाला, कानशिलाच्या मागच्या बाजूस, चेहऱ्यांना विशेष प्रतिसाद देणारा एक भाग आहे. आणि कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, भीतीशी जोडलेला, बदामाच्या आकाराचा भाग, अमिग्डाला. ग्रीक भाषेत त्या नावाचा अर्थही बदामच.

२००१ साली मेंदूसंशोधक व्हिलूमिए आणि सहकाऱ्यांनी लोकांना एकाच वेळी चार चित्रं दाखवली: दोन चेहरे, दोन घरं. कधी चेहऱ्यांची जोडी सारखी आहे का सांगायचं, कधी घरांची. लक्ष घरांकडे गेलं की चेहऱ्यांच्या भागाचा प्रतिसाद उतरे. अमिग्डाला मात्र घाबरलेल्या चेहऱ्याला तरीही जागा होई. भीती लक्षाची वाट बघत नाही, असा निष्कर्ष निघाला.

पुढच्याच वर्षी पेसोआ आणि सहकाऱ्यांनी काम अवघड केलं. चेहरा मधोमध, पण लक्ष कडेच्या दोन रेघांकडे द्यायचं: त्यांचा कल सारखा की वेगळा? फरक इतका बारीक, की सगळं लक्ष तिथेच खर्ची पडावं. तेव्हा अमिग्डालातला भीतीचा प्रतिसादही दिसेनासा झाला.

म्हणजे कामातून लक्ष किती शिल्लक उरतं, हा कळीचा मुद्दा. काम सोपं असेल तर उरलेलं लक्ष आपोआप चेहऱ्याकडे सांडतं, आणि संशोधकाला वाटतं, लक्षाविनाच प्रतिसाद आला. अशा प्रयोगांत हीच चूक सहज होते. दुसरी चूक छायाचित्रांची. विस्फारलेल्या डोळ्यांत पांढरा भाग जास्त दिसतो, आणि अमिग्डाला नुसत्या त्या पांढऱ्यालाही प्रतिसाद देतो. म्हणून फोटोंचा उजेड आणि आकार सारखा हवा, आणि नजर भलतीकडे वळली तर यंत्राने ते टिपायला हवं. तिसरी अडचण वेळेची. चेहरा दिसल्यावर डोक्यावरच्या विद्युतलहरींत सुमारे १७० मिलिसेकंदांत ठळक खूण उमटते. पण एमआरआयमध्ये दिसणारा रक्तप्रवाहातला बदल शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. आधी काय, नंतर काय, हे त्यात मिसळून जातं.

माणसागणिकही फरक पडतो. मनात चिंता दाटलेली असेल, तर ज्याकडे आपलं लक्ष नाही अशा घाबरलेल्या चेहऱ्यालाही अमिग्डाला अधिक प्रतिसाद देतो. परीक्षेच्या दिवसांत घरातल्या मुलांपुढे आपला चेहरा कसा असतो, याचा विचार म्हणूनच करावासा वाटतो.

अमिग्डाला आणि लक्ष यांच्या नात्याचा सगळ्यात बोलका पुरावा २००५चा आहे. दोन्ही अमिग्डाला निकामी झालेल्या एका महिलेला चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नसे. तपासल्यावर कळलं, ती समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नव्हती. "डोळ्यांकडे बघा," असं सांगितल्याबरोबर तिला भीती इतरांइतकीच नीट ओळखता आली. पण हे दर वेळी सांगावं लागे. सांगणं थांबलं, की तिची नजर पुन्हा डोळ्यांवरून ढळे.