सहीचे अधिकार, आणि त्याआधीची दोन वर्षं

(अनुदानित माध्यमिक शाळांमधले ज्येष्ठ शिक्षक आणि पर्यवेक्षक यांच्या कार्यशाळेत एका निवृत्त मुख्याध्यापिकेने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांना आपण मुख्याध्यापक कधी होणार हे महिन्यासकट पाठ आहे. सेवाज्येष्ठता यादी ऑफिसच्या कपाटात असते, पण तिची पक्की प्रत स्टाफरूममध्ये प्रत्येकाच्या डोक्यात असते. सर मे महिन्यात रिटायर, मग बाई अकरा महिने, मग जोशी सर, मग मी. हसू नका, मीही हा हिशोब केलेला आहे. आपल्याकडे निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. म्हणजे खुर्ची कधी रिकामी होणार हे माणूस नोकरीला लागतो त्या दिवशीच ठरतं. मला नवल एवढ्याचंच वाटतं, की इतकी वर्षं आधी कळलेल्या गोष्टीची तयारी आपण चार्ज घेतल्यावर सुरू करतो.

नियम काय म्हणतो ते आधी बघू. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा आपला कायदा १९७७ चा आणि त्याची नियमावली १९८१ ची. तिच्या तिसऱ्या नियमात मुख्याध्यापकाची पात्रता आहे. माध्यमिक शाळेसाठी पदवी, बी.एड., पदवीनंतर किमान पाच वर्षं पूर्णवेळ अध्यापन, आणि त्यातली निदान दोन बी.एड. झाल्यावरची. एवढं असलं आणि सेवेचा अभिलेख समाधानकारक असला, की ज्येष्ठतम शिक्षकाला नेमायचं. झालं. हिशोब ठेवता येतो का, दुसऱ्याचा तास कसा बघायचा हे माहीत आहे का, पालकांच्या जमावासमोर उभं राहता येतं का, असं एक अक्षर त्यात नाही.

लगेच म्हणू नका की बाई ज्येष्ठतेच्या विरोधात बोलताहेत. मी अजिबात विरोधात नाही. हा नियम नव्हता तेव्हा खुर्चीवर कोण बसायचं ते जुन्या लोकांना विचारा. अध्यक्षांचा भाचा, सेक्रेटरींचे जावई. ‘गुणवत्तेनुसार निवड’ हे शब्द ऐकायला फार गोड, पण गुणवत्ता ठरवणार कोण? ज्येष्ठता आंधळी आहे खरी, पण आंधळी असल्यामुळेच ती कुणाचं तोंड बघत नाही. डावललं गेलं तर कायद्याच्या नवव्या कलमाखाली शाळा न्यायाधिकरणात तीस दिवसांच्या आत अपील करता येतं, आणि ज्येष्ठता कशी ठरवायची ते सांगणारी अनुसूची ‘फ’ पुढे ठेवून न्याय मागता येतो. अल्पसंख्याक संस्थांना मुख्याध्यापक निवडायची मोकळीक कायद्यानेच दिली आहे, तो वेगळा विषय. बाकी ठिकाणी ही भिंत पाडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माझं म्हणणं एवढंच, की क्रम ठरला म्हणजे तयारी झाली असं होत नाही.

काही देशांत मुख्याध्यापक व्हायला परवाना लागतो. आपल्याकडे परवाना नाहीच असं मात्र नाही. आहे, आणि तो सहीचा आहे. संस्था ठराव करते, प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, पदाला मान्यता मिळते आणि स्वाक्षरीचे अधिकार मिळतात. तोवर तुम्ही ‘प्रभारी’. सहीचं पत्र आलं नाही तर पगारबिल पगार काढणाऱ्या वेतन पथकाकडे जात नाही आणि अख्खा स्टाफ तुमच्याकडे अपराध्यासारखं बघतो. संस्थेत दोन गट पडून वाद धर्मादाय आयुक्तांकडे गेला, तर सही कुणाची चालणार यावरच वर्ष जातं. म्हणजे शासन तुमच्या सहीचा नमुना नीट तपासून घेतं, पण सही कशावर करायची आणि कशावर नाही, हे तुम्हाला कळतं का ते कुणी विचारत नाही.

आणि कळायला पाहिजे अशा गोष्टी किती! चार्जच्या दिवशी काय होतं ते डोळ्यांपुढे आणा. हार-तुरे, नारळ, फोटो. मग जुने सर किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवतात आणि प्रभार यादी पुढे सरकवतात. विद्यार्थ्यांच्या नोंदींचं जनरल रजिस्टर, कीर्द, खतावणी, डेड स्टॉक, सेवापुस्तकं, पोषण आहाराचा साठा. ‘करा सही, सगळं बरोबर आहे.’ बाहेर चहा गार होतोय, निरोपाची भाषणं थांबलीत, अशा वेळी कोण तांदळाची पोती मोजायला जाणार? पण यादीवर सही झाली की तूट तुमची. यू-डायस, शालार्थ, सरल या शासनाच्या ऑनलाइन प्रणालींचे पासवर्ड एका चिठ्ठीवर असतात आणि ती चिठ्ठी लिपिकाच्या खिशात असते. त्या दिवसापासून शाळा कोण चालवतं, ते तुम्हीच ओळखा.

दुसऱ्याच आठवड्यात एक पालक येतात. मुलगा दहावीला, दाखल्यावरची जन्मतारीख बदलून हवी. सोबत सरपंचांचा फोन. कालपर्यंत तुम्ही भूमिती शिकवत होता. जनरल रजिस्टरमधली नोंद मुख्याध्यापकाने स्वतःच्या अधिकारात खोडायची नसते, सक्षम अधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय त्या रकान्याला पेन लावायचं नसतं, हे तुम्हाला ऐकून माहीत असतं. पण सरपंचांना ते बसवून, पाणी देऊन, न भांडता कसं सांगायचं हे कुठल्या परिपत्रकात नाही. ते कुणीतरी सांगताना शेजारी बसून बघावं लागतं.

आणखी एक गोष्ट, तिच्याबद्दल आपण कुजबुजतच बोलतो. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा. शाळेत मुलाबाबतीत गुन्हा घडल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गुन्हा हाताखालच्या माणसाचा असेल आणि संस्थाप्रमुखाने तो कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. ‘आधी संस्थेला विचारतो, आपसात बघू’ याला कायद्यात जागा नाही. हे माहीत नसलेला माणूस त्या खुर्चीवर एक दिवससुद्धा बसता कामा नये.

मग परीक्षा घ्यावी का? घेणाऱ्यांनी घेऊन बघितली आहे. केरळमध्ये अनुदानित हायस्कूलच्या मुख्याध्यापकासाठी बारा वर्षांची सेवा आणि दोन खात्यांतर्गत परीक्षा लागतात. एक केरळ शिक्षण कायदा आणि नियमांची, दुसरी हिशोबाची, अकाउंट टेस्ट लोअर. मला ही कल्पना आवडते, कारण आपले मुख्याध्यापक नेमके याच दोन खड्ड्यांत पडतात. पण पन्नाशी ओलांडलेल्यांना तिथे सूट दिली, आणि मग सूटवाले विरुद्ध परीक्षावाले असे दावे सुरू झाले. बिहारने २०२२ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाकडून मुख्याध्यापकांची सरळ परीक्षा घेतली. जागा ६,४२१ आणि उत्तीर्ण ४२१. बाकीच्या खुर्च्यांचं काय? परीक्षेने गाळणी लागते. गाळून झाल्यावर माणूस तयार होतो असं नाही.

इंग्लंडची गोष्ट आपल्या धोरणवाल्यांनी नीट वाचावी. त्यांनी १९९७ मध्ये मुख्याध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता आणली. पुढे नॉटिंगहॅमला त्यासाठी खास संस्था उभारली आणि २००९ पासून नव्या मुख्याध्यापकांना ती पात्रता सक्तीची केली. तीनच वर्षांत, २०१२ मध्ये, सक्ती काढून टाकली. प्रमाणपत्र राहिलं, अट गेली. कागदाची सक्ती आणायला दहा-बारा वर्षं लागतात आणि काढायला एक घोषणा पुरते.

सिंगापूरचं वेगळं. तिथे निवडलेल्या उमेदवारांना काही महिने शाळेतून मोकळं करून पूर्णवेळ शिकवतात. छोटा देश, मोजक्या शाळा, त्यांना जमतं.

मला शिकण्यासारखं वाटतं ते कॅलिफोर्नियाचं. अमेरिकेत हा परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा. कॅलिफोर्नियात तो दोन टप्प्यांत मिळतो. पहिला तात्पुरता, तो पाच वर्षं चालतो. त्यावर नोकरी लागली की अनुभवी मार्गदर्शकाच्या सोबतीने दोन वर्षं काम करायचं, मगच परवाना पक्का. म्हणजे खुर्चीवर बसल्यावरही तुम्ही शिकाऊच आहात, हे त्यांनी कायद्यात लिहून ठेवलंय. आणि पहिल्या टप्प्यातल्या मूल्यमापनाचा एक भाग मला फार मोलाचा वाटतो. उमेदवाराने एका शिक्षकाबरोबर तासाआधी बोलायचं, तास बघायचा, मग पुन्हा बोलायचं, आणि या सगळ्याचं चित्रीकरण परीक्षकांना द्यायचं. तपासणी शिक्षकाच्या तासाची नाही, तास बघणाऱ्याची.

आपल्याकडे तास कसा बघतात? लॉगबुक, म्हणजे तासांच्या निरीक्षणाची वही, उघडा. ‘पाठ चांगला झाला. फलकलेखन सुधारावे. शैक्षणिक साधनांचा वापर करावा.’ दहा वर्षांची पानं उलटा, मुख्याध्यापक तीन बदललेले असतील, वाक्यं तीच. दोष त्यांचा नाही. काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांच्याच वर्गात आज मागच्या बाकावर वही घेऊन बसायचं, म्हणजे दोघांनाही अवघड. मग फलकलेखन हा सगळ्यात सुरक्षित विषय. त्याने कुणी दुखावत नाही आणि कुणी सुधारतही नाही.

मी स्वतः एक साधी सवय लावून घेतली होती. शिक्षकाकडे बघायचंच नाही, मुलांकडे बघायचं. वर्गाचा आराखडा कागदावर काढायचा, बाकांचे चौकोन, आणि बाईंनी ज्याला प्रश्न विचारला त्या चौकोनात टिंब. तास संपला की कागद बाईंच्या हातात द्यायचा, बोलायचं काही नाही. एकदा इतिहासाच्या तासाला सगळी टिंबं खिडकीकडच्या दोन रांगांत पडली. भिंतीकडची रांग कोरी. बाई कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘त्या बाजूला मुली बसतात.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकं फिरवली. लॉगबुकात मी काय लिहिलं असतं तर हे झालं असतं? म्हणून म्हणते, हे कौशल्य आहे. ते शिकवता येतं आणि करून घेता येतं, पण पीपीटीने नाही.

आता कुणी म्हणेल, प्रशिक्षणं तर चाललीच आहेत. चालली आहेत ना. दिल्लीत राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था आहे, तिथे २०१२ पासून शालेय नेतृत्वाचं खास केंद्र आहे, त्यांचा आराखडा चांगला आहे. छत्रपती संभाजीनगरला आपली राज्याची संस्था आहे, जिल्ह्याला डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आहे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका आपल्यातल्या अनेकांनी केली आहे. नवीन शैक्षणिक धोरणाने तर मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला पन्नास तासांचं प्रशिक्षण सांगितलं. अडचण वेळेची आहे. ज्येष्ठतेच्या साखळीत अनेकांना खुर्ची मिळते ती शेवटच्या एक-दोन वर्षांत. प्रशिक्षणाचं पत्र येतं तेव्हा बाईंचे आठ महिने उरलेले असतात, आणि त्या जे शिकतात ते त्यांच्याबरोबर घरी जातं.

म्हणून माझी मागणी अशी. यादीत पुढे असलेल्या पहिल्या तिघांना खुर्ची रिकामी होण्याच्या दोन वर्षं आधी तयारीला लावा. नावं ठरलेली आहेत, तारखा ठरलेल्या आहेत, निवडीचा वाद नाही, अध्यक्षांच्या भाच्याला शिरकाव नाही. कायदा आणि हिशोब यांची केरळसारखी चाचणी असू द्या, पुस्तक उघडून लिहायची असली तरी चालेल. पण मुख्य भाग उमेदवारीचा, म्हणजे शेजारी बसून काम शिकण्याचा. आठवड्यातला एक दिवस दुसऱ्या शाळेत, तिथल्या मुख्याध्यापकांच्या शेजारी. दुसऱ्याच शाळेत, कारण आपल्या शाळेत तुम्ही शेजारी बसलात की लोक म्हणणार, ‘यांना आत्तापासूनच घाई झाली.’ तिथे पगारबिल तयार होताना बघा, संचमान्यतेसाठी, म्हणजे शिक्षकांची पदं मंजूर होण्यासाठी, लागणारा पट तपासा, शिपायाची तक्रार ऐका, पाच तास बघा आणि पाच जणांशी बोला. मार्गदर्शकाने सही द्यावी ती या कामावर. आणि चार्ज घेतल्यावर पहिलं वर्षभर त्याच माणसाला फोन करायची मुभा असावी.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांचा प्रश्न याहून वेगळा आणि जास्त बिकट आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला पट दीडशेच्या वर असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. म्हणजे दोनशिक्षकी शाळेत दोघांतले ज्येष्ठ तेच मुख्याध्यापक, आणि दोन-तीन वर्गही त्यांच्याकडेच. त्यांना दुसरीकडे पाठवलं तर शाळेला कुलूप. तिथे उमेदवारी केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या पातळीवर, शिक्षकांच्या शिक्षण परिषदेच्या दिवसाला जोडूनच करावी लागेल.

मघाशी चहाच्या वेळी एका पर्यवेक्षकांनी विचारलं, या तयारीत कुणी कमी पडलं तर त्याची ज्येष्ठता जाणार का? नाही जाणार, जाऊ नये. त्याला आणखी सहा महिने द्या, मार्गदर्शक बदला. आज काय होतं ते मला जास्त सलतं. कागदपत्रांच्या भीतीने लोक, विशेषतः आपल्यातल्या बायका, आधीच लेखी नकार देऊन मोकळ्या होतात. उत्तम शिकवणाऱ्या, वर्गावर पकड असलेल्या. नकारपत्राला कुणी कारण विचारत नाही, पुढच्याला आनंदच होतो.

दुसरा प्रश्न जास्त खरा होता: तो एक दिवस त्यांचे तास कोण घेणार? वेळापत्रक लावणाऱ्यांनाच हे सुचणार. माझ्याकडे याचं एकच उत्तर आहे, तेही अर्धवट. एका शाळेचे उमेदवार शेजारच्या शाळेत जातील त्याच दिवशी तिथले उमेदवार इकडे येतील, आणि प्रत्येकी दोन तास यजमान शाळेत घेतील. विषय जुळला नाही तर अडेल, विशेषतः गणित आणि इंग्रजीला. आता जेवणाआधी गट पाडून बसायचं आहे, तेव्हा आपापल्या केंद्रातल्या शाळांची वेळापत्रकं समोर ठेवा आणि बघा, मंगळवार जुळतो की गुरुवार.