लेट म्हणजे जाऊ द्या, की अडवा?

नमस्कार मंडळी! आज एका एवढ्याशा इंग्लिश क्रियापदाबद्दल बोलायचंय, लेट. उशीरवालं लेट नाही हां, 'लेट मी गो' मधलं. शाळेत आपण अर्थ पाठ केला, देणे, करू देणे. आणि गंमत बघा, आपलं 'देणे' पण तसंच, 'जाऊ दे' म्हणतो आणि घर 'भाड्याने दे' पण म्हणतो, बंगल्याच्या फाटकावर 'टू लेट'ची पाटी असते ना, ते हेच लेट.

पण आता बॅडमिंटनच्या हॉलमध्ये चला. रॅली मस्त रंगलीये आणि शेजारच्या कोर्टवरचं शटल येऊन पायाशी पडतं, लगेच हात वर करून कोणीतरी ओरडतं 'लेट!' आणि तो पॉइंट परत खेळतात. आता इथे कोण कोणाला काय करू देतंय? उलट खेळ अडलाय!

तर मुळात ही दोन वेगळी क्रियापदं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्लिशमध्ये एक होतं लॅटन, म्हणजे करू देणे, आणि दुसरं लेट्टन, म्हणजे अडवणे. पुढे बोलता बोलता दोघांचा उच्चार एक झाला, स्पेलिंगही एक झालं, अर्थ मात्र एकमेकांच्या बरोब्बर विरुद्ध. आणि हे अडवणारं लेट आलंय कुठून, तर उशीरवाल्या लेटच्याच घराण्यातून! म्हणजे खोळंबा करणे. आपल्या खोळंब्यात कसं, अडणंही आलं आणि उशीर होणंही आलं, अगदी तसंच, मला हे फार आवडतं.

शेक्सपिअरचा हॅम्लेट बापाच्या भुतामागे निघतो, मित्र त्याला धरून ठेवतात, तेव्हा तो ओरडतो की मला जो 'लेट' करेल त्याचंच भूत करीन. आजचा अर्थ लावला तर वाक्य पार उलटंच होतं! १६११ च्या इंग्लिश बायबलमध्ये पण पौल, म्हणजे सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती धर्मप्रचारक, रोमच्या लोकांना लिहितो, तुमच्याकडे यायचं कितीदा ठरवलं पण आत्तापर्यंत 'लेट' झालो, म्हणजे अडकून पडलो.

नंतर रोजच्या बोलण्यातून हे लेट गेलं, ते खेळात उरलं आणि सरकारी कागदात. घरात पासपोर्ट असेल तर काढा आणि आतला राष्ट्रपतींच्या नावाचा मजकूर वाचा, 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स', याला अडवू नका, मोकळेपणाने जाऊ द्या. हॅम्लेटच्या तोंडचं लेट, आपल्या कपाटात.