शेवट पडद्यावरचा, खड्डा लोणारचा

(दृश्य : शाळेची भिंत, चादर ताणणारी पोरं)

लोणारच्या जवळचं एक गाव. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली जातेय. एक पोरगा खिळा धरतो, दुसरा दगडानं ठोकतो. खाली सतरंज्या अंथरून झाल्यात. आज शेतीची थ्री फेज वीज रात्रीची आहे, त्यामुळे बरीच माणसं हरभऱ्याच्या ओलिताला गेलीत. समोर बसलीत ती पोरंसोरं, बाया आणि म्हातारी माणसं. आज जगबुडीचे सिनेमे आहेत. बोलणं हिंदीत, घडणं अमेरिकेत.

पडद्यावरची दृश्यं आम्हाला इथे दाखवता येत नाहीत, त्यांचे हक्क दुसऱ्यांकडे आहेत. तुम्ही बघणाऱ्यांचे चेहरे बघा.

(दृश्य : चेहऱ्यांवर हलणारा उजेड)

१९९८च्या मे महिन्यात ‘डीप इम्पॅक्ट’ आला आणि जुलैत ‘आर्मागेडन’. पहिल्यात पृथ्वीवर धूमकेतू येतो. अमेरिकेचं सरकार दहा लाख माणसांसाठी जमिनीखाली गुहा खोदतं. दोन लाख माणसं आधीच निवडलेली, बाकीच्या आठ लाखांची सोडत. पन्नाशीच्या पुढच्यांना त्या सोडतीत जागाच नाही. हे ऐकल्यावर मागच्या ओळीतल्या दोन आज्यांनी एकमेकींकडे कसं बघितलं, ते कॅमेऱ्यात आलंय.

‘आर्मागेडन’मध्ये अख्ख्या टेक्सासएवढा लघुग्रह येतो आणि हाताशी दिवस असतात अठरा. तेलविहिरी खोदणारे कामगार त्यावर उतरतात, आठशे फूट भोक पाडून त्यात अणुबॉम्ब ठेवतात. डावीकडे टोपी घातलेले काका आहेत ना, ते पूर्वी बोरच्या गाडीवर कामाला होते. एवढा वेळ भिंतीला टेकून होते. ड्रिल सुरू झालं तसे पुढे सरकले, आणि बिट अडकलं तेव्हा त्यांचा हात आपोआप वर गेला.

मग लागला २००९चा ‘२०१२’. त्याची सुरुवात भारतातली आहे. इथल्या एका तांब्याच्या खाणीत खोल काम करणारा भारतीय शास्त्रज्ञ सगळ्यात आधी ओळखतो की पृथ्वीचं पोट तापतंय. शेवटी श्रीमंत देशांची जहाजं तयार होतात, आणि त्याला न्यायला येणारं विमान येतच नाही. बायको-मुलासकट तो लाटेखाली जातो. सिनेमा तिथे फार थांबत नाही. आम्ही थांबतो, कारण ज्यानं धोका ओळखला त्याचीच जागा राखली गेली नाही, आणि हे फक्त पडद्यावर घडत नाही.

(दृश्य : आजीबाई, जवळून)

“सारे पळून राह्यले, बाप्पा! पन ढोराईचं दावं कोनंच नाई सोडलं?”

या सिनेमांमध्ये गोठा नसतो. गाड्या असतात, पूल असतात, कोसळणारे मनोरे असतात. पहिल्यापासून असं नव्हतं. १९१६ साली डेन्मार्कमध्ये धूमकेतूवर एक मूकपट निघाला होता, त्यातला शेवट एका खाणकामगारांच्या गावावर येतो. पुढे पैसा वाढला, यंत्रं वाढली, तसा शेवट न्यूयॉर्कला राहायला गेला. पडण्याचा आवाज मोठा होत गेला आणि पडल्यानंतरची गोष्ट आखडत गेली. लाट ओसरते, ऊन पडतं, नावं सुरू होतात.

ती पुढची गोष्ट बघायला दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोरांना लोणारच्या विवराच्या काठावर नेलं.

(दृश्य : विवर, ड्रोनमधून. आवाज नको, वारा राहू द्या)

साधारण १.८ किलोमीटर व्यास. काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, अशनीच्या आघातानं झालेली इतकी नीट टिकलेली विवरं पृथ्वीवर फारच थोडी आहेत. लोक सांगतात, इथे जमिनीखाली लवणासुर राहायचा आणि विष्णूनं त्याला मारलं. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली. त्यानंतर दीडशे वर्षं बहुतेकांना हे ज्वालामुखीचं तोंड वाटायचं.

उलगडा केला तो बोरनं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तळात भोकं पाडली, तेव्हा गाळाखाली भुगा झालेला, चिरडलेला पाषाण लागला. त्यात मास्केलिनाइट सापडलं. प्रचंड आघाताच्या दाबाखाली खनिजाची अशी काच होते. ज्वालामुखी ती करू शकत नाही. १९७३ साली ते प्रसिद्ध झालं आणि वाद मिटला. वय मात्र बदलत गेलं : आधी पन्नास हजारांच्या आसपास धरायचे, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं.

(दृश्य : पोरीच्या तळहातावर काळा खडा)

बारीक भोकं पडलेला हा खडा फक्त बघायला हातात घेतला. फोटो झाल्यावर होता तिथेच ठेवला. इथून कुणी काही उचलून नेऊ नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

इथे पडलेला दगड टेक्सासएवढा मुळीच नव्हता. २६ सप्टेंबर २०२२ला नासानं डायमॉर्फॉस नावाच्या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम एक यान आदळवलं आणि मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीची त्याची फेरी सुमारे अर्ध्या तासानं कमी झाली. लोणारचा दगड त्याहूनही लहान असावा, असा अंदाज आहे. तो आदळला तेव्हा इथलं सगळं जळालं असेल. आज धार नावाच्या झऱ्याचं गोडं पाणी अखंड वाहतं. उतारावर झाडी आहे, मोर आहेत, वानरं आहेत. काठाला जुनी देवळं आहेत. खाली खाऱ्या, सोड्याच्या पाण्यात असे सूक्ष्मजीव राहतात की जून २०२०मध्ये त्यांच्यामुळे अख्खं सरोवर गुलाबी झालं. कॅमेरा घेऊन यावं असं हे सगळं आहे, आणि जगबुडीचा एकही सिनेमा इथे आलेला नाही.

(दृश्य : कमळजादेवीचं मंदिर, पाणी)

२०२०पासून लोणार रामसर स्थळ आहे, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. गोडं पाणी जास्त उतरलं की सरोवराचा खारेपणा कमी होतो आणि त्यातले जीव अडचणीत येतात. वरचं सांडपाणी वरच अडवायला हवं.