नागीण गेली, आग राहिली

नमस्कार श्रोतेहो.

माझ्याकडे येणाऱ्या एक आजी मला दारातूनच ओळखू येतात. पदर बरगडीपासून बोटभर लांब, चिमटीत धरलेला. नागीण होऊन गेली, खपल्या पडल्या, त्यालाही पाच महिने झाले. कातडीवर नुसते फिकट डाग. पण सुती पातळाचा काठ लागला तरी आजी कळवळतात. घरचे म्हणतात, "आता काही नाही तिथं, मनातून काढून टाका."

माझा वाद आहे तो इथंच.

नागीण म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षं दडून बसतो. वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली, की एखाद्या तंतूच्या वाटेनं कातडीवर येतो. म्हणून पुरळ एकाच बाजूला, पट्ट्यासारखं. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो म्हणतात ना, त्यात काही तथ्य नाही.

येताना मात्र तो तंतूला जखमी करून येतो. मज्जातंतूवर सोडियमची सूक्ष्म दारं असतात. ती उघडली, सोडियम आत शिरलं, की वेदनेचा निरोप निघतो. जखमी तंतूची ही दारं बिघडतात. कुणी हात लावला नाही तरी निरोप सुटत राहतात.

ते पोचतात मज्जारज्जूत. तिथं मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. सततच्या माऱ्यानं त्या बिथरतात आणि बीडीएनएफ हे प्रथिन सोडतात. एरवी हे प्रथिन मज्जापेशींना जगवणारं. पण 2005 मध्ये कॅनडा आणि जपानच्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं, की इथं त्यामुळे पुढच्या पेशीतला क्लोराइडचा तोल जातो. वेदनेचा ब्रेक याच तोलावर चालतो. ब्रेक निकामी झाला, की साधा स्पर्शही वेदनेच्या वाटेला लागतो. आजींचा पदर टोचतो तो असा.

एक कबुली द्यायला हवी. असले बहुतेक प्रयोग नरांवर झाले होते. 2015 मध्ये उंदरांच्या माद्या तपासल्या, तर मायक्रोग्लियाला आवरूनही त्यांची वेदना हटेना. तिथं टी पेशींचा, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा, हात दिसला. आणि माझ्यासमोर बसल्यात आजी!

आजींचा मुलगा एकदा तावातावानं आला. "डॉक्टर, केमिस्ट म्हणतो ही डिप्रेशनची गोळी आहे. आईला वेड लागलंय का?" वेड नाही हो. तीच गोळी कमी मात्रेत मेंदूकडून खाली येणारा ब्रेक बळकट करते. दुसरी, गॅबापेंटिन, फिटची म्हणून आली. ती कॅल्शियमच्या दारांवर काम करते. नेहमीची पॅरासिटामॉल इथं फारशी लागू पडत नाही, कारण बिघाड निरोपाच्या यंत्रणेतच आहे. या गोळ्यांना गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत सोडू नका, आणि मनानं एकदम बंदही करू नका.

नागीण नुकतीच उठली असेल तर गेरू लावत बसू नका. विषाणूविरोधी गोळ्या शक्यतो 72 तासांत सुरू व्हायला हव्यात. पन्नाशीनंतर लसही घेता येते, महाग आहे खरी.

परवा आजी आल्या. पदर खांद्यावर नीट घेतलेला. बसता बसता म्हणाल्या, "बाळा, तो पंखा तेवढा बंद कर."