एका बाटलीत तीन कामं

श्रोतेहो, नमस्कार.

खंडेनवमी आठ दिवसांवर आली. विळी-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना पाणी दाखवायचे दिवस. मी परभणीत गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो, आणि दरवर्षी याच सुमारास लोक माझ्याकडे एक बाटली घेऊन येतात. परवा एक गुरुजी आले. गाडी काळी, चार वर्षांची. बाटली पुढं करत म्हणाले, “यावर लिहिलंय, साफ करतं, पॉलिश करतं आणि वॅक्सही लावतं. एवढ्याशा बाटलीत एवढी कामं होतात का हो?”

मी बाटली उलटी करून उजेडात धरली. पांढरी पूड तळाला घट्ट बसली होती. म्हटलं, “गुरुजी, आधी हे खालचं वर येऊ द्या. नाहीतर वरचं तेल गाडीला लावाल आणि कंपनीला शिव्या द्याल.” पाच मिनिटं हलवली तेव्हा कुठं पूड सुटली.

आता ही पूड काय करते ते सांगतो. गाडीच्या पत्र्यावर प्रायमर असतो, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आम्ही त्याला लॅकर म्हणतो. हा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तेव्हा आपल्या डोक्यावरचा केसही बहुतेक वेळा यापेक्षा जाड भरतो. चमक जी दिसते ती या थराची, उन्हापासून रंगाला वाचवतो तोही हाच. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसतात ना, तेही याच थरात पडलेले असतात. पॉलिश म्हणजे त्या चऱ्यांच्या आजूबाजूचा लॅकर बारीक पुडीनं घासून सपाट करणं. वॅक्स म्हणजे त्यावर पातळ पांघरूण घालणं. एक काम काढून घेण्याचं, दुसरं वर चढवण्याचं. एकाच बाटलीत दोन्ही कोंबली की दोघांनाही थोडं थोडं मागं सरावं लागतं. पूड सौम्य ठेवावी लागते, मेणही बेताचंच.

मग पहिल्या दिवशी गाडी आरशासारखी कशी दिसते? तर तिसरी एक गोष्ट आत असते. तेलकट, बुजवणारी भर. भिंतीच्या भेगेत लांबी भरतात तसंच. चरा जात नाही, झाकला जातो.

हे मी माझ्या स्वतःच्या गाडीवर करून पाहिलंय. बोनेटच्या मधोमध कागदी टेप लावली. डावीकडं हाताने बाटलीतलं लावलं, उजवीकडं मशीननं आधी पॉलिश आणि नंतर वेगळं वॅक्स. टेप काढली आणि घरच्यांना विचारलं, कुठली बाजू चांगली? कुणालाच सांगता येईना. महिना-दीड महिना गेला, पाच-सहा वेळा गाडी धुतली. एके रात्री पेट्रोल पंपावरच्या दिव्याखाली उभा होतो, तर डाव्या बाजूला सगळी जाळी परत हजर. उजवी बाजू साफ.

एवढं असूनही गुरुजींना मी बाटलीच लावा म्हणालो. गिऱ्हाईक घालवलं म्हणून माझा पोरगा हसला. पण रोज शाळेला जाणारी गाडी, रस्त्यावर मुरूम, दारात लिंबाचं झाड आणि झाडावर कावळे. तिला प्रदर्शनात ठेवायचं नाही. मशीननं घासायचं कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट, दरवेळी काही मायक्रॉन लॅकर खातं, आणि तो पुन्हा भरून येत नाही. हाताने लावलेलं हे थ्री-इन-वन त्या मानानं फार कमी खातं. वर्षातून दोनदा लावा. दर महिन्याला मात्र नको, कारण कमी खात असलं तरी खातंच. मधल्या काळात नुसतं वॅक्स पुरतं.

खरी गंमत त्याआधीच्या धुण्यात आहे, आणि तिथंच आपल्याकडं सगळं बिघडतं. सध्या सोयाबीनच्या राशी चालू आहेत. मळणीयंत्राचा भुसा, काळ्या मातीची धूळ आणि रस्त्यावरची खडी, हे सगळं बोनेटवर बसलेलं असतं. त्यावर सकाळी कोरडं फडकं फिरवलं की झालं, जाळी आपणच विणली. काही जण डिझेलचं बोळं फिरवतात. चमक येते, पण तासाभरात सगळी धूळ त्यावर येऊन चिकटते.

पाण्याची अडचण मला ठाऊक आहे. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा आपण विसरलेलो नाही. पाईप लावून गाडी धुवा असं मी म्हणणारच नाही. दोन बादल्या पुरतात. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. आधी मगानं पाणी ओतून खडे-माती उतरवायची, मग शाम्पूचं फडकं वरून खाली, म्हणजे टपापासून सुरुवात. फडकं दरवेळी साध्या पाण्यात पिळून मगच परत शाम्पूत. कपड्याची पावडर वापरू नका, आधीचं वॅक्स तीच धुऊन नेते. आणि बोअरचं पाणी गाडीवर वाळू देऊ नका. आपल्या पाण्यात क्षार फार. थेंब वाळला की पांढरी टिकली उरते, आणि उन्हात ती लॅकरला खाते. हलक्या टिकल्या या बाटलीनं निघतात, मुरलेल्या निघत नाहीत. नख फिरवून अडकतं असा चराही कुठल्याच बाटलीनं जात नाही.

लावायची वेळ संध्याकाळची. बोनेटवर तळहात ठेवा. चटका बसला तर बाटली उघडूच नका. ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर हे औषध क्षणात वाळतं आणि मग पुसता पुसता खांदे भरून येतात. मी एकदा भर दुपारी घाई केली होती, त्याचे ढगासारखे डाग काढायला दुसरा दिवस गेला. एका वेळी एकच दार किंवा अर्धा बोनेट. रुपयाच्या नाण्याएवढं औषध, ओलसर स्पंज, हलका हात. घासण्याचं काम पुडीचं आहे, आपल्या मनगटाचं नाही. धूसर झालं की स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसा. आणि काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना आधी टेप लावा. त्यावर हे लागलं तर पांढरे ओघळ उरतात, टूथब्रश घेऊन बसावं लागतं.

काही बाटल्यांवर कार्नोबा लिहिलेलं असतं. हे मेण ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडाच्या पानांवर येतं. मुलूख आपल्यासारखाच कोरडा, आतली ओल उडून जाऊ नये म्हणून झाड पानावर मेण धरतं. पण बाटलीत ते किती आणि नावाला किती, हे लेबल सांगत नाही. तेव्हा त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका.

जुनी, साध्या रंगाची गाडी असेल आणि पुसताना फडक्यावर रंग उतरला तर घाबरू नका. तिच्यावर लॅकरच नाही, रंगच थेट घासला जातोय. तिथं हात आणखी हलका. मॅट रंगाला मात्र ही बाटली लावूच नका. नव्यानं रंगवलेल्या दाराला रंगाऱ्याला विचारल्याशिवाय लावू नका, रंगाला आतून वाळायला वेळ लागतो.

आणि एक आमच्या फायद्याचं. यातल्या बऱ्याच बाटल्यांत सिलिकॉन असतं. गाडी पुढं कधी रंगवायला टाकली तर काय लावत होतात ते रंगाऱ्याला आधी सांगा. पूर्वी एकदा मी न विचारताच एका दारावर रंग फवारायची गन चालवली. रंग बसता बसता फाटला, माशाच्या डोळ्यांसारखे बारीक गोल खड्डे दारभर. सगळं घासून, सिलिकॉन रिमूव्हरनं पुसून परत मारलं. दिवस गेला, रंग गेला, आणि पैसे कुणाकडं मागणार? चूक माझी होती. तेव्हापासून गाडी दारात आली की पहिला प्रश्न तोच, हिला आजवर काय काय लावलंय?

मागच्या महिन्यात एका आजोबांना विचारलं. त्यांनी क्षणभर आठवलं आणि म्हणाले, “दरसाल हळद-कुंकू. दुसरं काय लावणार?”

नमस्कार.